पाण्यातला चारा कोणाचा?

जबलपूर शहराच्या उत्तर अंगाला, अधारताल आणि महाराजपूरच्या बाजूला, पाण्यातल्या वनस्पतींकडे बघण्याच्या दोन सरकारी नजरा एकमेकींपासून फारशा लांब नाहीत. एक नजर तण संशोधन निदेशालयाची. भारतीय कृषी संशोधन परिषदेची ही संस्था १९८९ साली राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाली आणि गाजरगवतापासून जलपर्णीपर्यंत देशभरातल्या तणांचा बंदोबस्त हा तिचा विषय आहे. दुसरी नजर नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाची. विद्यापीठ २००९ चं आणि ज्यांचं नाव त्याला दिलं ते नानाजी मूळचे आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. पहिल्या संस्थेच्या लेखी हायड्रिला हे तलावाचा श्वास कोंडणारं तण आहे. दुसऱ्या संस्थेत जे शास्त्र शिकवलं जातं, त्यात तोच हायड्रिला गवत्या माशाचं (ग्रास कार्पचं) आवडतं खाद्य आहे.

दोघांचंही बरोबर आहे. पंचाईत होते ती तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाची. पाण्यात जे हिरवं माजलंय ते उपटून फेकायचं, औषध मारून जाळायचं, की कापून माशांच्या पिलांना घालायचं? याचं उत्तर बहुतेक जण वनस्पतिशास्त्रात शोधतात. माझं म्हणणं असं की शास्त्र त्यापुरतं केव्हाच तयार आहे. गाडी अडली आहे ती तलावावरच्या हक्कापाशी. पाण्यातला चारा पिलांच्या तोंडी जाईल की नाही, हे त्या पाण्यावर कोणाचा हक्क आहे आणि तो किती वर्षं टिकणार आहे, यावर ठरतं.

आधी पिलांचं खाणं नीट पाहू, कारण ‘गवत फुकट आहे, घाला माशांना’ असा सल्ला देणाऱ्यांची पहिली चूक तिथेच होते. गवत्या मासा भारतात आला १९५९ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी, १० जुलै १९५७ रोजी, हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी ओडिशातल्या अंगुल इथे संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन देशी कार्प माशांचं प्रजनन घडवलं होतं. तोवर नदीतून मत्स्यबीज गोळा करावं लागे. पुढे ते हॅचरीत तयार होऊ लागलं, आणि ‘बीज कुठून आणायचं’ या प्रश्नाच्या जागी ‘बीजाला खायला काय घालायचं’ हा प्रश्न आला. गवत्याचं मत्स्यजिरं काही मिलिमीटरचं असतं. सुरुवातीचे दोनतीन दिवस ते पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर निभावतं. मग त्याचं तोंड उघडतं आणि ते पाण्यातले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे प्राणीप्लवक टिपायला लागतं. नाव गवत्या असलं तरी पहिले काही आठवडे गवताशी त्याचं देणंघेणं नसतं. साधारण तीनेक सेंटिमीटरचा झाला की तो वुल्फियाला तोंड लावतो. वुल्फिया ही जगातली सगळ्यात लहान फुलझाडं, मोहरीच्या दाण्याहून बारीक आणि मुळंसुद्धा नसलेली. त्यानंतर लेम्ना म्हणजे डकवीड, अझोला, आणि बोटुकली चांगली वाढली की हायड्रिला. त्याच्या तोंडात दात नाहीत, ते घशात असतात. त्यांनी तो पान फाडून चिरडतो. आतडं मात्र शाकाहारी प्राण्याच्या मानाने आखूड, त्यामुळे खाल्लेल्यातला बराच भाग अर्धवट पचून बाहेर पडतो. ही त्याची उणीव तलावाला मात्र लाभते, कारण त्या लेंड्यांवर प्लवक वाढतात, प्लवकांवर कटला आणि रोहू पोसतात, आणि तळाशी साचलेलं मृगळ उचलतो.

म्हणजे पिलांच्या वयाप्रमाणे चाऱ्याची उतरंड लागते. ज्याला ही उतरंड कळते त्यालाच फुकटचा चारा उपयोगी पडतो. ज्याला कळत नाही तो मत्स्यजिऱ्यांच्या तळ्यात जलपर्णी ढकलतो, ती सडते, रात्री पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी पिलं उलटी तरंगतात. जलपर्णी, पिस्टिया, साल्विनिया यांना गवत्या सहसा तोंड लावत नाही. इथे तण संशोधन निदेशालयाचं काम सुरू होतं. कटनी जिल्ह्यातल्या पडुआ गावचा तलाव ब्राझीलहून आलेल्या साल्विनियाने झाकून टाकला होता. निदेशालयाने २०१९ च्या अखेरीस तिथे त्याच तणाच्या मायदेशातला एक भुंगा सोडला आणि दोन वर्षांच्या आत तलाव मोकळा झाला. तेव्हा कोणती वनस्पती किड्याच्या वाट्याची आणि कोणती माशाच्या वाट्याची, हा हिशेब मांडता येतो. मात्र तो मांडायचा तर तण आणि मासे अशा दोन वेगळ्या फायली एका टेबलावर याव्या लागतात.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगायचं कारण पैसा. मत्स्यपालनात चालू खर्चाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग खाद्यावर जातो. संगोपन तळ्यात पिलांना परंपरेने तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड समसमान मिसळून घालतात. कोंडा गिरणीतून मिळतो, पेंडीचा भाव मात्र तेलबियांच्या बाजारात ठरतो, आणि त्या बाजारात तलाववाल्याला कोणी विचारत नाही. तयार गोळीखाद्य घेतलं तर ते उधारीवर येतं. मग उधारी देणाराच मासळी उचलतो आणि भावही तोच सांगतो. खाद्याची चावी ज्याच्या हाती, तलाव कागदावर कोणाचाही असो, चालतो त्याच्याच मर्जीने. त्यामुळे पाण्यातला चारा म्हणजे केवळ खर्चात बचत असं मी मानत नाही. मत्स्यपालकाला स्वतःच्या पायावर उभं राहण्याची ती एक संधी आहे.

या संधीचं पुढे काय होऊ शकतं ते पाहायला समुद्राकडे जावं लागेल. जबलपूरपासून समुद्र दूर आहे, पण हाच प्रश्न तिथे आपल्याआधी येऊन गेला आहे. समुद्रकाकडी हा तळाशी रांगणारा, वाळू आणि चिखल गिळून त्यातला जैव अंश पचवणारा प्राणी. चीनमध्ये ती मोलाचं पक्वान्न आणि औषध मानली जाते. भारतात २००१ पासून सगळ्या समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं छत्र आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८८ साली, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरीन केंद्रावर समुद्रकाकडीचं बीज हॅचरीत तयार करण्यात आलं होतं. तिथेही अडचण पिलांच्या खाण्याचीच होती. समुद्रकाकडीची अळी साधारण दोन आठवडे पाण्यात तरंगत एकपेशीय शैवालावर जगते आणि मग बसायला जागा शोधते. तिने खाली बसावं म्हणून पृष्ठभागावर सारगॅसम या तपकिरी समुद्रशैवालाचा अर्क चढवतात. ती बसली, काही मिलिमीटरची झाली, की तेच शैवाल वाटून, बारीक जाळीतून गाळून तिला द्यायचं. पुढे शैवालाची पूड आणि समुद्राचा मऊ गाळ एकत्र करून. हे सारगॅसम आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही उगवतं आणि ओहोटीला पायाखाली येतं. त्याला कोणी मोल देत नाही.

चीनच्या उत्तर किनाऱ्यावरही सुरुवातीला त्याला मोल नव्हतं. समुद्रकाकडीची शेती वाढली तशी पिलांसाठी सारगॅसमच्या एका जातीला मागणी आली. लोक खडकांवरून ती ओरबाडू लागले. शेती कोट्यवधींच्या उलाढालीची झाली आणि खडक उघडे पडत गेले. नैसर्गिक साठा इतका घटला की संशोधकांना त्या शैवालाची लागवड कशी करावी यावर काम करावं लागलं आणि शेतकऱ्यांना लागवडीच्या केल्प या शैवालाकडे वळावं लागलं. त्याच किनाऱ्यावर उलटंही घडलं. २००८ च्या ऑलिंपिकच्या नौकास्पर्धांआधी छिंगदाओच्या समुद्रात उल्वा हे हिरवं शैवाल इतकं माजलं की दहा लाख टनांवर हिरवाई उपसून काढावी लागली. मग हेच उल्वा समुद्रकाकडीच्या पिलांना घालता येईल का, यावर अभ्यास सुरू झाले. एकाच किनाऱ्यावर एक शैवाल चारा म्हणून ओरबाडून संपत आलं आणि दुसरं उपद्रव म्हणून उपसलं गेलं.

यातून मी जो धडा घेतो तो असा: कोणाचंच नसलेलं खाद्य बाजाराला लागलं की दोनपैकी एक होतं. ते संपतं, किंवा ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सडत राहतं. दोन्हींच्या मुळाशी एकच कारण, ते राखणारं कोणी नाही. शैवाल राखून कापलं तर पुढच्या हंगामात पुन्हा येतं. पण राखून कापण्यात शहाणपण तेव्हाच, जेव्हा पुढच्या हंगामातही तो खडक आपल्याकडेच असेल.

जबलपूर जिल्ह्यात याचा एक पुरावा आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. महाराष्ट्रात एकादशीला ज्या शिंगाड्याच्या पिठाचा शिरा आणि थालीपीठ होतं, त्या शिंगाड्याची एक मोठी मंडी जबलपूर जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात आहे. शिंगाडा ही पाणवनस्पतीच. तलाव झाकून टाकण्यात तोही कमी नाही. पण ढीमर, बर्मन कुटुंबं त्याची रोपं लावतात, विरळणी करतात, वेल उलटून एकेक फळ तोडतात. शिंगाड्याची पानं खाणारा एक लहान भुंगा आहे आणि तो त्यांचा मोठा शत्रू. साल्विनियाची पानं खाणारा भुंगा मात्र तलावाचा तारणहार. पान, पाणी, भुंगा सारखेच. फरक इतकाच की शिंगाड्याला मालक आहे, बाजार आहे, आणि ज्याने लावला तोच तोडणार याची खात्री आहे. ही खात्री असेल तिथे माणूस पाण्यात कमरेएवढा उतरतो. खात्री नसेल तिथे काठावरूनच नाक मुरडतो. याच पिकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: भुंग्यासाठी मारलेलं औषध त्याच पाण्यातल्या माशांच्या पिलांच्या जिवावर उठतं. शिंगाडा एकाचा आणि मासे दुसऱ्याचे असले तर औषध मारणारा कचरत नाही. दोन्ही एकाचेच असले तर तो फवारणीआधी दहादा विचार करतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप हिशेबाचा आहे आणि तो वजनदार आहे. पाणवनस्पतीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. गवत्याचं वजन एक किलो वाढायला हिरवा चारा तीसचाळीस किलो किंवा त्याहूनही अधिक लागतो. तो कापायचा, ओढायचा, वाहायचा कोणी? मजुरी धरली तर फुकटचा चारा महाग पडतो, हे खरंच आहे. पण हा हिशेब भाड्याच्या मजुराचा आहे. ज्या घरातली माणसं रोज तलावावर येतात, त्यांच्यासाठी जाळं टाकून परतताना चार टोपल्या हायड्रिला ओढणं म्हणजे वेगळा दिवस मोडणं नव्हे. शिवाय पिलांना सगळा चारा हिरवाच हवा असं नाही. चांगल्या खतावल्या पाण्यातल्या डकवीडमध्ये सुक्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी प्रथिनं असू शकतात, अझोलात पाव हिश्श्याच्या आसपास. हे सावलीत वाळवून, दळून, कोंड्यात मिसळून पेंडीचा काही भाग वाचवता येतो. पेंड संपूर्ण बंद होईल असं सांगणारा माणूस मात्र फसवतो आहे.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. याच वनस्पती सांडपाण्यातले जड धातू शोषून घेण्यात पटाईत आहेत. ओमती आणि मोती या नाल्यांसारख्या शहरी नाल्यांच्या पाण्यावर वाढलेली हिरवाई माशाच्या पोटात आणि तिथून ताटात नेणं हा गुन्हाच ठरेल. बांगलादेशात मिर्झापूरला रुग्णालयाच्या वसाहतीचं सांडपाणी डकवीडने शुद्ध करून ते डकवीड कार्प माशांना घालण्याचा प्रयोग बरीच वर्षं चालला. पण तिथे पाणी घरगुती होतं आणि देखरेख होती. शहराच्या नाल्यात कारखान्याचं काय मिसळतं यावर कोणाचं लक्ष नसेल, तर तो चारा घेऊ नये. चाऱ्याचं पाणी तपासण्याची सोय जिल्ह्याच्या मत्स्य विभागाने करावी, ही मागणी म्हणूनच पहिल्या क्रमांकावर हवी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गवत्याला खाऊ घालण्यासाठी तलाव मोकळा केला तर तलावाचंच नुकसान होतं. देशी माशांची अंडी पाणवनस्पतींना चिकटतात, पिलं त्यांच्या आडोशाला मोठी होतात, आणि गवत्या हे काही बघत नाही. या आक्षेपाचं उत्तर जबलपूरहून रेल्वेने बालाघाटमार्गे गोंदियाला उतरलं की मिळतं. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांबरोबर जे काम केलं, त्याची दिशाच उलटी होती. त्यांनी काठावर माजलेली बेशरमाची झुडपं उपटली, गाळपेर जमीन मोकळी केली आणि तलावात देशी पाणवनस्पती चक्क लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला खाद्य आणि कोणती आडोसा, हे ज्ञान ढीवरांच्या घरांत होतं. तिथे स्त्रिया चिखलात उतरून रोपं लावतात, कारण वनस्पती परतल्या की देशी मासेही परततात. चारा कापायच्या आधी चारा पेरावा लागतो, हे त्या तलावांवर दिसतं. चीनच्या शेतकऱ्यांना खडक उघडे पडल्यावर जे उमगलं, ते ढीवरांनी आपल्या अनुभवातून आधीच गाठीशी बांधलं होतं. आणि हे शक्य झालं कारण त्या तलावांवर मासेमारी करणाऱ्यांच्या स्वतःच्या संस्था होत्या.

म्हणून पुन्हा हक्कापाशी येतो. मध्य प्रदेशाच्या २००८ च्या मत्स्यपालन धोरणात तलावाचा पट्टा दहा वर्षांसाठी देण्याची तरतूद आहे. कागद चांगला आहे. पण पट्टा सहकारी संस्थेच्या नावावर आणि बीज, खाद्य, जाळी सगळं व्यापाऱ्याचं, हे चित्र देशभर परिचयाचं आहे. अशा तलावात दहा वर्षांचा हक्क प्रत्यक्षात एका हंगामाचा उरतो. एका हंगामापुरता विचार करणारा माणूस तणनाशक मारेल, स्वस्त बीज टाकेल, लवकर जाळं ओढेल. अझोलाचं तळं राखत बसणार नाही. बरगीचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. नर्मदेवरच्या त्या धरणाने मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतल्या १६२ गावांवर पाणी आणलं. विस्थापितांनी झगडून १९९४ मध्ये जलाशयातल्या मासेमारीचा हक्क आपल्या सहकारी संघासाठी मिळवला. पुढे तो हक्क त्यांच्या हातून गेला, राज्याच्या मत्स्य महासंघाकडून ठेका निघू लागला. एवढ्या मोठ्या जलाशयात इवली पिलं सोडून चालत नाही, मोठे मासे ती गट्ट करतात. बोटुकली आठदहा सेंटिमीटरची करूनच सोडावी लागते, म्हणजे काठावर महिनोन्‌महिने संगोपन आणि रोजचा चारा. हे काम जलाशय आपला आहे असं मानणाराच मन लावून करेल. ठेकेदाराला त्यात रस का वाटावा?

तळी हातची जातात तीही याच वाटेने. गोंडकाळातल्या बावन्न तलावांचं शहर म्हणून जबलपूरची ख्याती सांगितली जाते. राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल, तिच्या दासीचा म्हणून चेरीताल, दिवाण अधारसिंहांचा म्हणून अधारताल, अशा लोककथा लोक अजून सांगतात. यांतल्या कित्येकांची आज फक्त नावं वस्त्यांना उरली आहेत. तलाव एका रात्रीत बुजत नाही. आधी त्यातून कोणाचं पोट भरणं थांबतं, मग तो जलपर्णीने भरतो, मग लोक त्याला घाण म्हणू लागतात, आणि घाण बुजवली तर शेजारपाजारचे आभारच मानतात. हिरवाईने झाकलेला तलाव भूखंड होण्याच्या अर्ध्या वाटेवर आलेला असतो. त्याच हिरवाईवर कोणाच्या घरातली पिलं पोसत असतील, तर त्या तलावाच्या बाजूने भांडायला निदान एक कुटुंब तरी उभं राहतं.

पाणी तपासण्याची मागणी वर आलीच आहे; बाकीच्या मागण्याही मोठ्या नाहीत. शहरातल्या दोन संस्थांनी मिळून जिल्ह्याच्या तलावांची एक यादी करावी: कुठली वनस्पती किड्याला द्यायची, कुठली माशाला, कुठली राखायची आणि कुठली मुद्दाम लावायची. पट्टा देताना त्या संस्थेला बीजाच्या संगोपनासाठी वेगळं लहान तळं आणि चाऱ्यासाठी एक वाफा मिळावा, आणि बीज-खाद्याचं पहिल्या दोन हंगामांचं भांडवल सहकारी पतपुरवठ्यातून यावं, म्हणजे व्यापाऱ्याची उधारी पहिल्याच दिवशी दारात येणार नाही. जिथे शिंगाडा आणि मासे दोन्ही आहेत तिथे दोन्हींचा पट्टा एकाच हाती असावा, म्हणजे औषधाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटेल. आणि तण काढण्यासाठी सरकार जे पैसे खर्च करतं, त्यातला वाटा ते तण चारा म्हणून वापरणाऱ्या संस्थेला मजुरी म्हणून द्यावा. ती सवलत नव्हे, केलेल्या कामाचा मोबदला असेल.

एवढं करूनही काही तलावांत हा चारा परवडणार नाही. काही ठिकाणी पेंडच स्वस्त पडेल, काही ठिकाणी भुंगाच हवा असेल. तो निर्णय तलावावर राहणाऱ्यांनी घ्यावा, आणि चुकला तर पुढच्या वर्षी तो बदलायला ते त्याच तलावावर असावेत. ज्याला पुढचं वर्ष आहे त्यालाच पाण्यात काय उगवतंय याची काळजी वाटते. धोरण आखणाऱ्यांनी एवढं मान्य केलं, तर पिलांना काय घालायचं हे तलावावरच्या माणसांना कोणी शिकवावं लागणार नाही. ते ढीवरांना, बर्मनांना बहुतेक आधीच ठाऊक आहे.